गल्लीतला सर्वांत जुना माणूस

आमच्या गल्लीत एक गृहस्थ एकतीस वर्षं राहत होते आणि तरीही नवे होते. अगदी नावानेच नवे. त्यांचं खरं नाव वेगळं होतं, पण ते फक्त त्यांच्या बायकोला आणि विजेच्या बिलाला माहीत होतं. ते नदीच्या मुखाकडच्या गावातून इथे राहायला आले तेव्हा गल्लीत आधीच एक नळवाले होते. दोघांत घोटाळा नको म्हणून एक झाले जुने नळवाले आणि दुसरे नवे नळवाले. पुढे 'नळवाले' गळून पडलं आणि 'नवे' तेवढं चिकटून राहिलं. जुने नळवाले वारले त्याला बावीस वर्षं झाली, तरी नवे आपले नवेच. त्यांची मुलगी इथेच जन्मली, इथल्याच शाळेत शिकली, लग्न होऊन गेली, पण शेवटपर्यंत ती 'नव्यांची'. एकदा तर मतदार यादीतही आडनाव 'नवे' असं छापून आलं. मी म्हटलं, दुरुस्त करून घ्या. तर म्हणाले, "हेलपाटे कोण घालणार? मला मत द्यायचंय, नाव नाही द्यायचं."

मी त्यांच्या समोरचा घड्याळवाला. दुकान आजोबांनी टाकलं, म्हणजे मी तिसऱ्या पिढीचा. हे मुद्दाम सांगतोय, कारण आमच्या गल्लीत ते सांगावंच लागतं, आणि ते गुरुजींमुळे.

गुरुजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक, घर क्रमांक एक. त्यांच्या बैठकीच्या खोलीत घराण्याची वंशावळ काचेच्या चौकटीत लावलेली आहे. अकरा पिढ्या, सगळ्या गुरुजींच्याच वळणदार अक्षरात. कुणीही घरात आलं की आधी वंशावळ, मग चहा. घाईत असलेला माणूस चहा न घेता सुटू शकायचा, वंशावळीतून सुटका नव्हती. गल्लीची सभाही गुरुजींच्याच अंगणात भरायची आणि खुर्च्या पिढ्यांप्रमाणे लागायच्या. पाचाच्या वरचे पहिल्या रांगेत, तीन ते पाच दुसऱ्या, आणि बाकीचे 'जागा असेल तिथे'. नव्यांची जागा ठरलेली होती, टाकीपाशी पालथ्या घातलेल्या बादलीवर. पाण्याच्या प्रश्नावर सभा असली तरी तिथेच. एकदा टाकीच्या गळतीवर दीड तास चर्चा झाली. गुरुजींनी गळतीचा इतिहास सांगितला, दुसऱ्या रांगेने उपाय सुचवले, एक उपसमिती नेमली. तेवढ्या वेळात नव्यांनी बादलीवर बसल्या बसल्या हात मागे नेऊन वॉशर बदलला होता.

नवे स्वभावाने गरीब आणि तोंडाने फटकळ. नळ उघडताना त्यांच्या तोंडाचाही नळ सुटायचा. आपल्या आधी ज्याने काम केलं असेल त्याला शिव्या घातल्याशिवाय त्यांना पान्याची पकड यायची नाही. "कुणी केलं हो हे? हा सांधा आहे की पोरखेळ?" बहुतेक वेळा काम त्यांनीच सात-आठ वर्षांपूर्वी केलेलं असायचं. ते कळलं की म्हणायचे, "तरीच इतके दिवस टिकलं."

तर एका सकाळी गुरुजींची न्हाणीघराची मोरी तुंबली. पहिल्यांदाच तुंबली असं नाही. दर तीन-चार महिन्यांनी तुंबायची, नवे येऊन लांब सळई घालायचे, आठवडाभर बरं चालायचं. या खेपेला सळई जाईना. नव्यांनी परसात खणायला घेतलं. गुरुजी कमरेला पंचा, डोक्याला साबण अशा अवस्थेत दारात उभे.

"अहो नवे, किती वेळ लागेल?"

"गुरुजी, आधी रोगी तर बघू दे."

हातभर खणल्यावर नेहमीचा पाईप लागला. तो मधोमध फुटला होता. नवे तो सोडवायला अजून खाली गेले, कमरेइतका खड्डा झाला, आणि फावडं कशावर तरी ठण्णकन वाजलं. नव्यांनी हाताने माती बाजूला केली. खाली आणखी एक पाईप होता. खापराचा. तांबूस, मांडीइतका जाड, एकाच्या तोंडात दुसरा बसवलेला, सांध्यावर चुना.

दुसरा कुणी असता तर त्याने कुदळ घातली असती. वर गुरुजींच्या डोक्यावरचा साबण वाळत चालला होता आणि ते तसं बोलूनही दाखवत होते. पण नवे गुडघ्यांवर बसले आणि त्या सांध्यावरून बोट फिरवत राहिले. मग खड्ड्यातूनच ओरडले, "अहो घड्याळवाले, इकडे या! सांधा बघा, सांधा!"

मी गेलो. मला त्यातलं काय कळणार? पण नव्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. एकतीस वर्षांत पहिल्यांदा दुसऱ्याचं काम बघून त्यांनी शिवी घातली नव्हती.

"हा कुणाच्या वेळचा?" मी गुरुजींना विचारलं.

"आमच्या पणजोबांनी घातला असणार," गुरुजी तत्काळ म्हणाले. मग खड्ड्याची खोली बघून म्हणाले, "किंवा त्यांच्या पणजोबांनी." तेवढ्यात त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. त्यांनी साबण टॉवेलाने तसाच पुसला आणि आत जाऊन पुरातत्त्व खात्याला चार पानी पत्र लिहायला बसले. सोबत वंशावळीची प्रत जोडली. तोवर नव्यांनी फुटका पाईप चिंध्यांनी बांधून मोरी कामचलाऊ चालू करून दिली.

पंधरा दिवसांनी एक मॅडम आल्या. डोक्याला रुमाल, खिशात ब्रश. खड्ड्यात उतरल्या आणि तासभर वर आल्याच नाहीत. वर आल्या त्या एकच वाक्य घेऊन: "आता इथे कुणी काहीही हलवायचं नाही." परसात खुंट्या ठोकल्या, दोऱ्या बांधल्या, चौकोन आखले. गुरुजींना आनंद मावेना. त्यांनी परसात आरामखुर्ची टाकली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "आमच्याकडे उत्खनन चालू आहे" असं सांगू लागले. जणू घरी रंगकाम काढलंय.

आनंदाला दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला तडा गेला. काहीही हलवायचं नाही यात मोरीही आली. पाणी सोडायचं नाही. म्हणजे आंघोळ नाही.

गल्लीत पाण्याला जोर आणि मोरीला उतार अशी दोन्ही सुखं एकाच घरी होती. नव्यांकडे. सहा आठवडे रोज सकाळी साडेसहाला अकरा पिढ्यांचे गुरुजी खांद्यावर टॉवेल, हातात साबणाची डबी घेऊन गल्ली ओलांडायचे. मी दुकान झाडत असायचो. पहिल्या दिवशी ते माझ्याकडे न बघता गेले. दुसऱ्या दिवशी "हवा छान आहे" म्हणाले. चौथ्या दिवशी नव्यांच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा, आवाज मला समोरून ऐकू आला: "गुरुजी, दहा मिनिटं झाली! यांनाही कामावर जायचंय!" मुख्याध्यापकांना वेळेची आठवण करून देणारी ती पहिलीच बाई असावी. गुरुजी निमूट बाहेर आले. मागोमाग त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, आत गेल्या आणि पाऊण तास बाहेर आल्या नाहीत. त्यांना वहिनी काही बोलल्या नाहीत, कारण दोघी मिळून गुरुजींबद्दल बोलत होत्या.

इकडे परसात मॅडमना प्रश्न पडला होता की हा पाईप पिण्याच्या पाण्याचा की सांडपाण्याचा. त्या मोजमापं घेत होत्या, वहीत लिहीत होत्या. नवे कुंपणापाशी उभे राहून बघत होते. शेवटी त्यांना राहवेना.

"मॅडम, सांडपाणी."

"कशावरून?"

"उतार बघा ना. पिण्याचं पाणी कुणी इतक्या घाईने पळवत नाही. आणि तोंडं बघा. रुंद तोंड वरच्या अंगाला, निमुळतं टोक खालच्या अंगाला. पाणी तिकडून इकडे. हा माणूस शिकलेला होता हो."

मॅडमनी वही मिटली. "आत या तुम्ही. चप्पल काढून या."

त्या दिवसापासून नवे कामावरून सुटले की थेट खड्ड्यात. मॅडमना वर्षं कळत होती, नव्यांना माणूस कळत होता. चुन्यावर बोटं फिरवलेली दिसत होती ती बघून म्हणाले, डावखुरा होता. "असू शकेल," मॅडम म्हणाल्या आणि लिहून घेतलं. एका जागी सरळ चाललेला पाईप उगाचच डावीकडे वळून पुन्हा आपल्या रेषेत आला होता. मॅडमना त्याचा अर्थ लागेना. नवे हसले. "घरमालक! काम अर्ध्यावर आल्यावर येऊन उभा राहिला असणार. इथून नको, तिथून न्या. का? तर माझी मर्जी. मॅडम, हे प्रत्येक घरी होतं." आणि असं म्हणून त्यांनी आरामखुर्चीतल्या गुरुजींकडे बघितलं.

घरीही तेच. जेवताना नवे त्या पाईपवाल्याला "आमचा माणूस" म्हणायचे, "आमचा माणूस तसं करायचा नाही." वहिनी वैतागून माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या, "भाऊ, नऊशे वर्षांपूर्वीच्या बाप्याशी हे जितकं बोलतात तितकं माझ्याशी बोलले असते तर मला रेडिओ घ्यावा लागला नसता."

नऊशे वर्षं हा आकडा मॅडमच्या तोंडून सुटला होता आणि त्याने गल्लीत धुमाकूळ घातला. जो तो आपलं परस उकरू लागला. शेजारच्या गल्लीला आमचं मोठेपण सहन होईना, त्यांनी तर सामुदायिक खोदकाम काढलं. त्यांना एका बुटाचा तळ आणि बिनकानाचा कप सापडला. ते दोन्ही घेऊन मॅडमकडे आले. मॅडमनी शांतपणे कपाच्या बुडावरचा कारखान्याचा शिक्का दाखवला. मीही दुकानामागे थोडं खणलं होतं हे कबूल करतो. मला एक बटण मिळालं. ते माझ्याच जुन्या कोटाचं निघालं.

सहा आठवड्यांनी मॅडमनी शाळेच्या सभागृहात सगळ्यांना बोलावलं. खुर्च्या लावायला गुरुजी तासभर आधी गेले होते. पहिल्या रांगेत मधोमध स्वतः, अंगात इस्त्रीचा कोट, मांडीवर वंशावळ, चौकटीसकट.

मॅडमनी भिंतीवर एक चित्र लावलं. केकचा तुकडा उभा कापावा तसा जमिनीचा काप. सर्वांत खाली पाईप, घरांचे पाये, चुली, राख. "हे लोक नऊशे वर्षांपूर्वीचे. दोनशे वर्षं नांदले," त्या म्हणाल्या. गुरुजींनी मान डोलावली.

"पाईपची माती मात्र इथली नाही. तपासून घेतली. पश्चिमेला नदीच्या मुखाकडची आहे. सांध्याची पद्धतही तिकडचीच. म्हणजे बनवणारा आणि बसवणारा, दोघं तिकडून आलेले. इथे आले, राहिले, काम केलं."

नदीच्या मुखाकडून या गल्लीत आलेलं दुसरं कुणी असेल तर ते नवे होते. सगळ्यांच्या माना मागे वळल्या. नवे शेवटच्या रांगेत दाराला टेकून उभे होते. त्यांनी मागे बघितलं, मागे कुणी नव्हतं.

"आणि या राखेवर?" गुरुजींनी घसा साफ करून विचारलं. "त्यावर आमचे लोक ना?"

"त्यावर गाळ आहे, गुरुजी. चारशे वर्षांचा गाळ. एक खापरी नाही, एक चूल नाही. गाव उठून गेलं होतं. जागा ओसाड होती."

"आणि मग आम्ही?"

"मग तुम्ही आलात."

"कुठून?"

"ते जमिनीवरून सांगता येत नाही," मॅडम मऊ आवाजात म्हणाल्या. "तुमच्या घराच्या पायातल्या विटा मात्र खालच्या लोकांच्याच आहेत. उपसून वापरलेल्या."

 गुरुजींनी वंशावळ उलटी करून मांडीवर ठेवली. कुणाला काय बोलावं सुचेना, म्हणून चहा लवकर दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला गुरुजी आंघोळीला आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. काकू तेवढ्या आल्या. नव्यांनी विचारलं तर म्हणाल्या, "पडून आहेत. भिंतीकडे तोंड करून." नव्यांनी हत्यारांची पिशवी उचलली, मला म्हणाले, "चला हो, मला एकट्याला धीर होत नाही." आम्ही गेलो. भिंतीवर चौकटीच्या जागी पांढरा चौकोन होता.

"गुरुजी, मॅडमचं काम झालंय. मोरीचा पाईप घालून टाकतो."

गुरुजी भिंतीकडे बघतच म्हणाले, "काय करायचीय मोरी. उपऱ्याला कुठेही आंघोळ चालते."

"असं कसं म्हणता?"

"अकरा पिढ्या, नवे! आणि त्याआधी गाळ! आयुष्यभर मी लोकांना विचारत आलो, तुम्ही इथले कधीपासून. आता मला कुणी विचारलं तर?"

नवे कॉटच्या कडेला टेकले. त्यांना सांत्वन करायची सवय नव्हती, ते बोलले ते मोरीबद्दल बोलल्यासारखंच बोलले. "गुरुजी, मी आलो तेव्हा गल्लीत दिवे होते, नळ होते, हे घड्याळवाले होते. पहिल्या दिवशी काकूंनी शिडी दिली होती. तुमचा तो पहिला माणूस आला तेव्हा इथे काय होतं? गाळ. शिडी मागायला शेजारी नाही. तरी राहिला. माझी छाती झाली नसती."

गुरुजी थोडे वळले. "आम्ही तुम्हाला एकतीस वर्षं बादलीवर बसवलं."

"बादलीचं काही नाही. पाठ ताठ राहते."

स्वयंपाकघराच्या दारात काकू केव्हाच्या ऐकत उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "तुमचं दोघांचं झालं असेल तर मी एक विचारू? अकरा पिढ्यांच्या अकराही बायका बाहेरून आल्या. मी तर तीन गाड्या बदलून आले. आम्हाला कुणी विचारलं, तुम्ही इथल्या कधीपासून? तुमच्या त्या कागदावर एकीचं नाव तरी आहे का?"

गुरुजी उठून बसले.  मग म्हणाले, "पेन कुठे आहे?"

"आधी आंघोळ करा," काकू म्हणाल्या.

त्या दुपारी नव्यांनी पाईप घालायला घेतला. त्यांना घरमालकाची मर्जी खपवून घ्यायची नव्हती, म्हणून ते उगाचच्या वळणाच्या जागी सरळ खणत गेले. दोन हातांवर कुदळीतून ठिणगी उडाली. खडक. डावीकडून बघितलं, खालून बघितलं, छिन्नी लावली, छिन्नीचं तोंड मोडलं. खडक परसाखाली म्हशीसारखा बसलेला होता, आणि जुना पाईप त्याला बरोबर वळसा घालून गेला होता. गेल्या तीस वर्षांचा फुटका पाईप मात्र त्याच खडकाच्या पाठीवरून चढवलेला होता. मोरी तुंबायची ती तिथेच. तो कुणी घातला होता, हे मी विचारलं नाही. नव्यांनीही जुन्या नळवाल्यांचं नाव घेतलं नाही, तेव्हा मी काय ते समजलो.

नवे कुदळ टाकून खापराच्या पाईपापुढे उकिडवे बसले. "चुकलं माझं दादा," ते म्हणाले. "तुमच्या मालकालाही उगाच बोललो." आणि नवा पाईप त्यांनी जुन्याच्या शेजारून, वळणासकट, तसाच नेला. त्यानंतर गुरुजींची मोरी आजतागायत तुंबलेली नाही.

गल्लीत बदल झाले ते असे. नव्यांना आदराने 'जुने' म्हणायचं असा ठराव झाला, पण 'अहो जुने' अशी हाक ऐकली की ते दचकून त्या वारलेल्या नळवाल्यांना शोधायचे. आठ दिवसांत ठराव मागे घेतला. सभेच्या खुर्च्या आता गोल मांडतात. गुरुजींच्या भिंतीवर नवी वंशावळ आहे, दुप्पट रुंद, आणि तिच्यात तीन ठिकाणी 'नाव आठवत नाही, चौकशी चालू' असं लिहिलंय. तिच्यातूनही सुटका नाही. आता ती काकूही समजावून सांगतात, त्यामुळे चहा दोनदा गार होतो.

पाईपचे चार तुकडे शहरातल्या संग्रहालयात गेले. नवे आणि वहिनी एका सुट्टीच्या दिवशी बघायला निघाले, मलाही घेतलं. काचेच्या पेटीत दिवे लावून तुकडे सुंदर मांडले होते. नवे काचेला नाक लावून उभे राहिले आणि एकदम मोठ्याने म्हणाले, "उलटं!"

पहारेकरी धावत आला. "काचेला हात लावू नका."

"हात नाही, नाक लागलंय. हे उलटं लावलंय. निमुळतं टोक वर कसं? असं लावलं तर प्रत्येक सांध्यातून पाणी बाहेर. बिचाऱ्याची अब्रू जाईल."

"काका, यात पाणी सोडायचं नाहीये."

"आज नाही, पण बघणारा काय म्हणेल? याला काम येत नव्हतं म्हणेल!"

आवाज ऐकून मॅडम आतून आल्या. त्यांनी नव्यांना बघितलं, पेटी बघितली आणि कपाळाला हात लावला. पेटी उघडायला किल्ली, किल्लीला सही, सहीला साहेब, असा दीड तास गेला. नवे तिथून हलले नाहीत. शेवटी मॅडमनी त्यांच्याच हातात पांढरे हातमोजे दिले, आणि नव्यांनी चारही तुकडे एकेक करून फिरवले, तिरक्या डोळ्याने उतार बघितला, शेवटचा अर्धं बोट खाली सरकवला. पहारेकऱ्याला म्हणाले, "आता सोडा पाणी."

परत येताना बसमध्ये वहिनी खिडकीशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, तुमचंही काम असं कुणी पुढेमागे उकरून काचेत मांडेल का हो?"

"नको बाई," नवे घाबरून म्हणाले. "उकरायची वेळ आली म्हणजे तुंबलं असणार."

वहिनी एवढ्या हसल्या की कंडक्टरने वळून बघितलं. नव्यांनी मात्र लगेच खिशातून कागद काढला आणि यंदा कुणाकुणाच्या मोऱ्या एकदा तपासून यायच्या आहेत, त्याची यादी करायला घेतली.